लेबर रूममधल्या मुलींना शिकवणार कोण?

नर्सिंगच्या मुलींबद्दल आपल्याकडे बोलणं होतं ते बहुतेक दोनच गोष्टींवर, ॲडमिशनला फी किती आणि पास झाल्यावर नोकरी कुठे लागणार. मधल्या वर्षांत काय होतं, त्यातही ज्या महिन्यांत त्या लेबर रूमला पोस्टिंगला असतात तेव्हा काय होतं, ते घरचे विचारत नाहीत, पेपरात येत नाही आणि मुली स्वतःहून सांगत नाहीत कारण सांगायचं तरी कोणाला. मी बरीच वर्षं मुंबईत लेबर रूमला स्टाफ नर्स म्हणून काम केलंय, आता मुलींना शिकवते, आणि माझं म्हणणं एकच आहे. प्रसूतीचं काम शिकायला आलेल्या मुलीला ड्युटी लिस्टमध्ये हातचा माणूस म्हणून धरणं बंद करा, आणि तिच्या शेजारी उभं राहून शिकवायला एक सिस्टर द्या, जिचं त्या शिफ्टला तेच काम असेल. स्टायपेंड, हॉस्टेल, सेफ्टी हे सगळं हवंच आहे, त्यावरही बोलते, पण हे एक झालं नाही तर बाकी सगळं करून हाती फारसं काही लागत नाही.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आणि तिन्हीत मिडवाइफरी, म्हणजे प्रसूतीचं काम, आहे. जीएनएम मधला एम म्हणजे तोच, म्हणजे पास झालेली प्रत्येक मुलगी कागदोपत्री नर्स पण असते आणि मिडवाइफ पण. त्यासाठी तिला एक केसबुक भरावं लागतं, त्यात गरोदर बायकांची तपासणी, ठरावीक नॉर्मल डिलिव्हऱ्या स्वतःच्या हाताने, बाळंतिणींची काळजी, नवजात बाळाला श्वास द्यायचं काम, असं सगळं. वाचायला छान वाटतं. आता या डिलिव्हऱ्या मुंबईतल्या एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात कशा मिळतात ते बघा. लेबर रूममध्ये टेबलाभोवती कोण कोण असतं तर रेसिडेंट डॉक्टर, त्यांना केस हवी असते, इंटर्न, त्यांनाही केस हवी असते, एमबीबीएसची पोरं बघायला आलेली, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून दुसऱ्या कॉलेजच्या बसमधून आलेल्या नर्सिंगच्या मुली. बऱ्याच खाजगी नर्सिंग कॉलेजांना प्रसूती विभागासाठी दुसऱ्याच्या हॉस्पिटलावर अवलंबून राहावं लागतं त्यामुळे एका वेळी दोन-दोन तीन-तीन कॉलेजांच्या मुली येतात, आणि ज्या मुलीच्या घशातून आवाज निघत नाही ती शेवटपर्यंत ट्रे धरून उभी राहते. मग पोस्टिंग संपत आलं की केसबुक भरायची घाई. बाळ दुसऱ्याच कोणीतरी झेललेलं असतं, हिने कापूस दिलेला असतो, आणि सही मिळते डिलिव्हरी केली म्हणून. यात मुलीला दोष देऊन चालत नाही, तिला परीक्षेला बसायचंय. सही करणारी सिस्टरही वाईट नसते, तिला पोरीची दया येते. पण ही मुलगी उद्या पालघरमधल्या एखाद्या उपकेंद्रात एकटी असणार आहे, रात्री अडीच वाजता, आणि समोर बाई असणार आहे जिचं बाळ यायची वेळ झालीये.

बाळ यायची वेळ म्हणजे काय, ते जवळून सांगते, कारण माझा सगळा मुद्दा तिथे आहे. डोकं दिसायला लागलं की नवीन मुलीचा पहिला कल असतो ओढायचा, आणि दुसरा घाबरून हात मागे घ्यायचा. दोन्ही चूक. एक हात डोक्यावर, दाबून नाही, नुसता आधाराला, की ते एकदम उसळून बाहेर येऊ नये. दुसऱ्या हाताने खालच्या जागेला कापडाने आधार. बाईला सांगायचं, आता जोर नको, तोंडाने फुंका मारल्यासारखा श्वास सोड. मग डोकं हळूहळू येतं आणि आपणहून एका बाजूला वळतं, त्या वळण्याची वाट बघायची असते, आणि ही वाट बघणं हीच सगळ्यात अवघड गोष्ट आहे. मानेभोवती नाळ आहे का बोटाने बघायचं. बाळ झाल्यावर एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन, बाळ कोरडं करून आईच्या अंगावर, मग वार पडेपर्यंत घाई नाही, पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट होतेय का बघत राहायचं. हे सगळं पुस्तकात आहे, चित्रांसकट आहे, सिम्युलेशन लॅबमध्ये रबरी बाहुलीवर करूनही घेतात. पण किती आधार म्हणजे आधार आणि किती म्हणजे दाबणं, हे बाहुली सांगत नाही. ते कळतं जेव्हा जाणती सिस्टर मुलीच्या हातावर आपला हात ठेवते आणि कानात म्हणते, थांब, थांब, अजून थांब, आता सोड. मला अशाच एका सिस्टरने शिकवलं. पुढच्या केसला त्यांनी हात थोडा वर ठेवला, टेकवला नाही, आणि त्यानंतरच्या केसला हात मागे बांधून नुसत्या उभ्या राहिल्या. मागे कोणीतरी उभं आहे एवढ्यावर माझा हात थरथरायचा थांबला.

ही सिस्टर आज मुलींना का मिळत नाही? ती वाईट आहे म्हणून नाही. ती एकटी चार टेबलं बघतेय म्हणून. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक असा आहे, तो कॉलेजचा. आता कॉलेजची ट्यूटर सकाळी येते, हजेरी घेते, राउंड मारते, तिला वर्गावर लेक्चरही असतं, ती जाते. वॉर्डातली स्टाफ सिस्टर थांबते, पण शिकवणं हे तिच्या कामात कुठे लिहिलेलंच नाही, त्याचे ना तिला पैसे ना वेळ, आणि शिकवताना केस लांबली की ओरडा मात्र तिलाच. म्हणजे जिला शिकवायचा अधिकार आहे ती तिथे नसते आणि जी तिथे असते तिला शिकवायची सोय नसते, या दोघींच्या मधल्या जागेत आपण १९-२० वर्षांच्या मुलीला उभं केलंय. आणि ती रिकामी उभी राहिलेली दिसली की लगेच तिला हाक, ए स्टुडंट, लॅबला सॅम्पल देऊन ये, ब्लड बँकेत जा, ट्रॉली लोट, बीपी चार्ट पूर्ण कर. मावशी रजेवर, वॉर्डबॉय सापडत नाही, मग स्टुडंट आहेच. शिफ्ट संपते तेव्हा ती दमलेली असते पण शिकलेली काहीच नसते.

इंग्लंडमध्ये या बाबतीत एक साधा नियम आहे. तिथे मिडवाइफरीची विद्यार्थिनी वॉर्डाच्या मनुष्यबळात मोजायची नाही, ती जास्तीची धरायची, म्हणजे ती आली नाही तरी वॉर्ड चालला पाहिजे. २०१८ मध्ये तिथल्या नर्सिंग-मिडवाइफरी कौन्सिलने आणखी एक केलं, रोज शेजारी उभं राहून शिकवणारी व्यक्ती वेगळी आणि पास-नापास ठरवणारी व्यक्ती वेगळी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण जी आपल्याला मार्क देणार तिला मुलगी कधीच सांगत नाही की मला बाळाचे ठोके ऐकूच येत नाहीयेत. ती हो म्हणते आणि कागदावर १४० लिहिते. तिथे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, स्टाफ कमी पडला की तिथल्या मुलींनाही कामाला जुंपतात आणि त्यावर तक्रारी होतात, सरकारने बर्सरी, म्हणजे शिकणाऱ्यांना मिळणारी मदत, बंद केली तेव्हा २०१७ पासून नव्या मुलींवर कर्जाचा बोजा आला आणि २०२० मध्ये वर्षाला ५,००० पाउंडांची मदत परत सुरू करावी लागली. पण तक्रार करायला निदान नियम तरी आहे. आपल्याकडे मुलगी काय म्हणून तक्रार करणार, की मला सॅम्पल घेऊन पाठवलं?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे आणि ती बोलायला लोक बिचकतात. मुलगी जे ऐकते ते शिकत नाही, जे बघते ते शिकते. पुस्तकात लिहिलंय की बाळ यायला वरून पोट दाबायचं नाही, सरसकट सगळ्यांना खाली छेद द्यायचा नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. समोर मात्र तिला दिसतं की दोन्ही होतंय. पुस्तकात पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याचा तक्ता, कळा चालू असताना भरायचा असतो, समोर तो बाळ झाल्यावर बसून एका दमात भरला जातोय. पुस्तकात सन्मानपूर्वक प्रसूती असा आख्खा धडा आहे. आणि टेबलावरच्या बाईला काय ऐकवलं जातं ते मुंबईतल्या निम्म्या बायकांना पाठ आहे, ते वाक्य मी इथे लिहीत नाही, नवऱ्याजवळ जाताना ओरडली नाहीस मग आता कशाला या छापाचं. पहिल्या आठवड्यात हे ऐकून मुलगी मान खाली घालते. महिन्याभराने ती हसते. सहाव्या महिन्यात ती स्वतः बोलते, आणि दहा वर्षांनी ती इनचार्ज असते. मधे कुठेतरी एखाद्या सिस्टरने तिला बाजूला घेऊन म्हणायला हवं होतं की जे झालं ते चुकीचं झालं, आपण असं करायचं नाही. म्हणणारी नसते. आणि ज्या मुलीवर स्वतःवर दिवसभर सगळ्यांसमोर खेकसलं जातं, तुला अक्कल आहे का, कोणी घेतलं तुला नर्सिंगला, ती कळा देणाऱ्या गोवंडीच्या बाईशी प्रेमाने बोलेल अशी अपेक्षा कोणत्या हिशेबाने करायची? २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीसोबत एक बाई-माणूस राहू द्या म्हणून सांगितलं, २०१७ मध्ये लक्ष्य ही योजना आणली, लेबर रूमचा दर्जा सुधारायला. चांगलंच आहे. पण लेबर रूमची टाइल्स बदलून वागणूक बदलत नाही, ती बदलते शिकण्याच्या वयात.

भाषेचंही बघा, यावर कोणी बोलत नाही. मुलगी नंदुरबारची, बीडची, जालन्याची, बारावीपर्यंत मराठी माध्यम. पुस्तक इंग्रजी, परीक्षा इंग्रजी, डॉक्टरांचं बोलणं इंग्रजी आणि पेशंट बोलतेय हिंदी किंवा भोजपुरी. तिला सगळं समजत असतं पण प्रश्न विचारायचा तर कुठल्या भाषेत, म्हणून ती गप्प राहते आणि गप्प राहिली म्हणून तिला मठ्ठ म्हणतात. शेजारी मराठीत समजावणारी एक ताई असेल तर यातलं अर्धं दडपण तिथल्या तिथे जातं.

आणि मग मृत्यू. लेबर रूममध्ये बहुतेक वेळा आनंदच असतो म्हणून लोकांना वाटतं तिथे पोस्टिंग म्हणजे मजा. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी होती, शांत, कामाला चोख. तिच्या शिफ्टला पूर्ण दिवस भरलेलं बाळ मेलेलं जन्माला आलं. डॉक्टर पुढच्या टेबलाला गेले, सिस्टर रक्तस्राव बघत होत्या, आणि बाळ पुसून, गुंडाळून, पायाला टॅग लावायचं काम हिच्याकडे आलं कारण ती जवळ उभी होती. तिने ते केलं, नीट केलं, आईला दाखवायचं की नाही हे तिला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून बाळाला हातात घेऊन ती बराच वेळ तशीच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला ती परत ड्युटीवर हजर. नंतर कितीतरी दिवस ती ठोके ऐकायचं काम दुसऱ्या मुलीला द्यायची, आणि तिच्या रिपोर्टात लिहिलं गेलं, इंटरेस्ट कमी आहे. आई दगावली तर आपल्याकडे नियमाप्रमाणे चौकशी होते, समिती बसते, कागद वरपर्यंत जातात, आणि ते झालंच पाहिजे. पण त्या खोलीत असलेल्या विद्यार्थिनीला बसवून दहा मिनिटं विचारायची पद्धत कुठेच नाही, की तू काय बघितलंस, तुला काय वाटतंय, तुझ्या हातून काही चुकलं असं तुला वाटतंय का. याला समुपदेशक लागत नाही, लागलाच तर पुढे पाठवता येईल, पण पहिली दहा मिनिटं तिच्याच सिस्टरने द्यायची असतात. आणि त्यासाठी तिची अशी कोणी सिस्टर असावी लागते.

यावर मला नेहमी उत्तर मिळतं, आम्ही पण असेच शिकलो, ओरडा खाऊनच शिकलो. माझ्याच बरोबरीच्या मैत्रिणी म्हणतात, मनापासून म्हणतात. मी त्यांना विचारते, तुझ्या बॅचमधल्या ज्या सोडून गेल्या त्यांची नावं आठवतात का? आणि ज्या राहिल्या त्यांच्यातल्या किती जणींनी पहिल्या संधीला लेबर रूमची बदली मागून ओपीडी घेतली? टिकलेल्यांकडे बघून पद्धत चांगली होती म्हणायचं असेल तर गेलेल्यांची पण मोजदाद करायला पाहिजे. शिवाय तेव्हा केसेस होत्या, वेळ होता, रात्री दोन टेबलांमागे एक जाणती सिस्टर होती. आज ते नाही.

दुसरं उत्तर, स्टाफच नाही तर शिकवायला कुठून आणू. हे खरं आहे, मी नाकारत नाही, रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत ही मागणी वेगळी करायलाच हवी. पण विद्यार्थिनींना वापरून वॉर्ड चालतोय तोपर्यंत जागा रिकाम्या आहेत हे वर दिसणारच नाही, काम तर होतंय ना! फुकटचे हात काढून घेतले की भोक किती मोठं आहे ते कळेल. आणि मुंबईपुरतं म्हणायचं तर पैसे नाहीत हे कोणी सांगू नये, २०२५-२६ चं महापालिकेचं बजेट ७४ हजार कोटींच्या वर होतं. एका प्रसूती विभागात शिफ्टला एक शिकवणारी सिस्टर, तिला थोडा भत्ता, हे या शहराला जड नाही.

जागेचं उत्तरही मुंबईतच आहे. महापालिकेची प्रसूतिगृहं आहेत, वस्त्यांच्या जवळ, तिथे बिनधोक्याच्या केसेस येतात, गुंतागुंत झाली की मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात. नॉर्मल प्रसूती शिकायला याहून चांगली जागा नाही. तिथे केससाठी रेसिडेंट आणि इंटर्नशी ओढाताण नाही, तीच बाई आधी तपासणीला येते, मग कळा घेऊन येते, मग बाळाला डोस द्यायला येते, मुलीला एका बाईचा पूर्ण प्रवास बघता येतो. मोठ्या हॉस्पिटलात गुंतागुंत बघायला जावंच लागेल, झटके, रक्तस्राव, सिझर, पण पाया तिथे घालता येत नाही. देशभरच्या खाजगी हॉस्पिटलांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने होतात असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय, सरकारीत १४ टक्के. म्हणजे खाजगीकडे पोस्टिंगला पाठवलेल्या मुलीला नॉर्मल बघायला मिळण्याची शक्यताच अर्धी. मिडवाइफने सलग काळजी घेतली तर सिझर, चिमटा-व्हॅक्युम, छेद हे सगळं कमी लागतं असं कोक्रेनच्या, म्हणजे जगभरचं संशोधन एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या, आढाव्यात दिसलंय, आणि सरकारलाही ते पटलंय म्हणूनच २०१८ मध्ये मिडवाइफरीच्या मार्गदर्शक सूचना आल्या, नर्स झालेल्यांसाठी वेगळा १८ महिन्यांचा मिडवाइफ कोर्स आला, २०२३ चा नवीन कायदा आला त्याच्या नावातच नर्सिंग आणि मिडवाइफरी आहे. पण या १८ महिन्यांना येणारी नर्स कुठून येणार, ती आजच्या जीएनएम-बीएस्सीतूनच येणार. तिथेच तिच्या मनात लेबर रूमची भीती बसली तर ती त्या कोर्सकडे फिरकणार नाही.

स्टायपेंडचं थोडक्यात, कारण यात वादच नसावा. इंटर्न डॉक्टरला मिळतो, तो वाढावा म्हणून आंदोलनं होतात आणि व्हायलाच हवीत. इंटर्नशिपमधल्या नर्सिंगच्या मुलीला अनेक ठिकाणी हातात काहीच पडत नाही, उलट ती फी भरत असते. रात्रीच्या ड्युटीला येताना-जाताना लोकल, बस, रिक्षा स्वतःच्या खर्चाने. आणि सेफ्टी? १९७३ साली केईएम हॉस्पिटलमध्ये तिथल्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला, त्या ४२ वर्षं तिथेच अंथरुणावर होत्या, हे या शहराने बघितलंय. तरी अजून मुली कपडे बदलायला जागा शोधतात. नाईटला आलेल्या मुलींना कडी लागणारी एक खोली आणि उजाडेपर्यंत थांबायची सोय, एवढं तरी प्रत्येक ठिकाणी पाहिजे.

मुंबईला हे नवीन नाही. कामा हॉस्पिटल १८८६ ला सुरू झालं ते बायकांसाठी, आणि तिथे डॉक्टर एडिथ पीची यांनी तेव्हाच नर्सना शिकवायची सोय उभी केली होती. त्याच कामामध्ये २६/११ च्या रात्री अंजली कुलथे सिस्टरनी वॉर्डातल्या २० गरोदर बायकांना आडोशाला नेलं आणि गोळीबार चालू असताना कळा सुरू झालेल्या एका बाईला लेबर रूमपर्यंत पोचवलं. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर त्या बोलल्या तेव्हा आपल्या सगळ्यांचा ऊर भरून आला, माझाही. मग ज्या वयात अशी सिस्टर घडते त्या वयातल्या मुलींकडे आपण एकदा तरी बघायला हवं.

पुढची बॅच पोस्टिंगला येईल तेव्हा सुरुवात करायला जीआरची वाट बघायची गरज नाही. विद्यार्थिनींची नावं स्टाफच्या ड्युटी लिस्टमधून काढून वेगळ्या कागदावर लिहायची, प्रत्येक शिफ्टपुढे शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव, त्या सिस्टरकडे त्या दिवशी जास्तीत जास्त एक टेबल, आणि केसबुकवर सही तिचीच, तीही तिने स्वतः बघितलेल्या केसचीच. इन्चार्ज आणि मेट्रन ऑफिसने ठरवलं तर हा कागद येत्या सोमवारी लागू शकतो.